1948 च्या मुलाखती एडिट करायलोय, आता लग्नाच्या व्हिडिओतल्या बांगड्याही ऐकवेनात

वडगावकर_एडिटर

नमस्कार मंडळी. हा धागा 'तांत्रिक'मध्ये टाकू की 'आरोग्य'मध्ये कळेना, शेवटी इथंच टाकतोय. ॲडमिनना हलवायचा असेल तर हलवा.

मी बेळगावात वडगावला राहतो. घराच्या माडीवरच एडिटिंगचं दुकान आहे. मूळ धंदा लग्नाचा: हळद, अक्षता, रिसेप्शन, अल्बम. मधेमधे एखाद्या सोसायटीची जाहिरात, गणपतीत मंडळांचे व्हिडिओ. यंदा लग्नसराई संपली आणि पुण्याच्या एका दिग्दर्शकांचा फोन आला. 1948 साली हैदराबाद संस्थानात जे घडलं त्यावर माहितीपट करायलेत. त्यातून वाचलेल्या, आता नव्वदीकडं झुकलेल्या माणसांच्या मुलाखती. मला घ्यायचं कारण सरळ होतं. बिदरकडची माणसं कन्नड बोलतात, लातूर-उस्मानाबादची मराठी, आणि काही म्हाताऱ्या दखनी. आपल्या गावात वाढलेल्याला तिन्ही कळतात. पुण्यातल्या एडिटरला हातात कागद धरून, टाइमकोड बघून कापावं लागलं असतं. मी डोळे मिटूनही कापू शकतो. हे माझं भांडवल आहे असं तेव्हा वाटलं, आणि दरही त्या हिशोबानं चांगला लावला.

ज्यांना विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. देश स्वतंत्र झाला तरी निजाम भारतात यायला तयार नव्हता. लातूरचा वकील कासीम रझवी, त्याच्या रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, जाळली. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याला मे 1948 मध्ये जे झालं ते तिकडं अजून नुसतं गावाचं नाव घेतलं तरी कळतं. मग 13 सप्टेंबरला भारतीय सैन्य शिरलं, 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली. शाळेत आपल्याला इथवरच असतं. त्यानंतरच्या दिवसांत खेड्यापाड्यांतल्या मुसलमानांवर सूड उगवला गेला. सरकारनंच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिनं मेलेल्यांचा अंदाज 27 ते 40 हजारांचा दिला, उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड हे सगळ्यात वाईट जिल्हे म्हणून. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. आपण मुंबई इलाख्यात होतो म्हणून हे सगळं बेळगावच्या वेशीबाहेर राहिलं, एवढंच.

तर आता माझं. एक आजी आहेत. गाव सांगत नाही. तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. त्या मारामारीचं काहीच सांगत नाहीत. घरात काय काय होतं ते सांगतात. तांब्याची हंडी, दोन पराती, पाळणा, मिरच्यांचं पोतं. बोटांवर मोजतात. मग आडाच्या गोष्टीपर्यंत येतात आणि थांबतात. थांबायच्या आधी दर वेळी पदर छातीशी धरतात आणि हातातल्या काचेच्या बांगड्या कॉलर माइकवर आपटतात. किण्ण. मग शांत. मग एकच वाक्य.

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल विचारू नका. सिंक करताना, नॉइज काढताना, सबटायटल बसवताना, दोन टेकमधला कुठला घ्यायचा बघताना, पुण्याहून 'अर्धा सेकंद अलीकडं घ्या' म्हणून मेसेज आल्यावर. आता टाइमलाइनवर वेव्हफॉर्मचा तो टोकदार उंचवटा दुरूनच दिसतो आणि माझा हात माउसवर थांबतो.

बरं, हे तिथंच राहिलं असतं तर चाललं असतं. गेल्या महिन्यात अनगोळच्या एका लग्नाचं राहिलेलं काम काढलं. लग्नाच्या फूटेजमध्ये बांगड्या किती असतात तुम्हाला माहितीय. चुडा भरायचा कार्यक्रमच अख्खा तासाचा. पहिल्या किणकिणीला पोटात खड्डा पडला. मुलगी हसायली आहे, करवल्या हसायल्या आहेत, आणि मी पुढच्या वाक्याची वाट बघत बसलोय. शेवटी आवाज बंद करून, वर गाणं टाकून काम उरकलं. पाठवणीचा सीनही तसाच, मुका. गिऱ्हाईक खूश आहे, त्यांना गाणंच पाहिजे होतं.

परसात आमची विहीर आहे. पोहऱ्यानं पाणी काढून झाडांना घालायचं काम माझं. हल्ली बायकोला सांगतो. ती विचारते, कंबर दुखते काय? मी हो म्हणतो.

झोप लागते. स्वप्नंबिप्नं काही नाहीत. पण पोरगं मागून येऊन 'पप्पा' म्हणालं तरी दचकतो, आणि मग त्याच्यावरच ओरडतो. सगळ्यात लाज याची वाटते की माझ्यावर काहीच गुदरलेलं नाही. मी फॅनखाली खुर्चीत बसून पैसे घेऊन काम करतोय. ज्यांनी सोसलं त्या आजी पाच वेळा नमाज पढून, नातवंडं सांभाळून जगायलेत.

असलं काम कुणी केलंय का? काम सोडायचं नाही, ॲडव्हान्स घेतलाय आणि सोडावंसंही वाटत नाही. पण पुरं कसं करायचं?

---

उचगावचा_पाव्हणा

राग मानू नकोस, पण हे जरा जास्तच होतंय. आमचे आजोबा 1955 ला गोव्याच्या सत्याग्रहात गेले. त्या 15 ऑगस्टला पोर्तुगिजांनी नि:शस्त्र माणसांवर गोळ्या घातल्या, आजोबा डोळ्यानं बघून आले. आले ते सरळ भाताच्या रानात उतरले. कुणी त्यांना 'कसं वाटतंय' विचारलं नाही. तू नुसतं ऐकून विहिरीला भ्यायलास? थोडे दिवस पिक्चर बघ, कुठंतरी फिरून ये, होईल बरोबर.

---

निपाणीची_लेक

पाव्हणा, आजोबा त्याबद्दल घरात कधी बोलायचे का?

वडगावकरदादा, मी समुपदेशक आहे, माहेर निपाणी, काम धारवाडकडं. फोरमवर कुणाला निदान देत नाही, पण दोन-तीन गोष्टी सांगते, कारण तुमची लाज मला जास्त खटकली.

'माझ्यावर गुदरलं नाही, मग मला का?' हा प्रश्न बाहेरच्या देशात फार आधी विचारून झालाय. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जे निदानाचं पुस्तक वापरतात, त्याच्या 2013 च्या आवृत्तीत आघातानंतरच्या विकाराची व्याख्या बदलली. अत्याचाराचे तपशील कामाचा भाग म्हणून वारंवार समोर येणं हेसुद्धा त्यात धरलं. तिथं एक गंमत आहे. टीव्ही, सिनेमा, फोटो बघून झालेला त्रास धरायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय, पण पुढं लगेच म्हटलंय, 'ते काम असेल तर सोडून'. म्हणजे सोफ्यावर बसून बघणारा वेगळा आणि तुम्ही वेगळे. प्रेक्षक उठून जाऊ शकतो. तुम्ही मागं जाऊन परत लावता.

दुसरं. कॅनडातले अँथनी फाइनस्टाइन यांनी न्यूजरूममध्ये बसून हिंसेचे व्हिडिओ तपासणाऱ्या पत्रकारांचा अभ्यास केला, 2014 चा आहे. त्यात एका वेळी किती तास बघितलं यापेक्षा किती वारंवार बघितलं याचा त्रास जास्त दिसला. ते लोक हे फील्डवर नव्हे, बातमीच्या ऑफिसात बसून बघत होते. यावरून मी माझ्याकडं येणाऱ्यांना जे सांगते ते असं: अवघड क्लिप रोज थोडी थोडी उघडू नका. एक सकाळ ठरवा, तिची सगळी कामं त्यात उरका, बिन (क्लिपांचं फोल्डर) बंद करा, आणि बाकीचे दिवस तिला हातच लावू नका. पुण्याहून अर्ध्या सेकंदाचे मेसेज येतात ना, ते एकत्र करून आठवड्यातून एकदाच पाठवा म्हणून सांगा. ही तुमची कामाची अट असू दे, विनंती नको.

फाइलच्या नावातच खूण करून ठेवा, म्हणजे दुसरं काहीतरी शोधताना चुकून उघडणार नाही. सबटायटलची जागा बघायची असेल तर आवाज बंद ठेवून बघा. रात्री नको.

लग्नाचे व्हिडिओ मुके करून कापणं मात्र सवय होऊ देऊ नका. आज बांगड्या, उद्या हळदीला जाणं बंद, परवा घरातल्या बांगड्या. टाळत गेलं की ती भिंत आपल्या अंगणात सरकत येते. विहिरीचंही तेच. आणि बायकोला कंबर दुखते म्हणून सांगू नका, खरं सांगा. सगळी हकीगत सांगायची गरज नाही. 'ऐकायचं काम जड जातंय' एवढंच पुरे.

महिन्याच्या वर गेलंय म्हणता आणि मुलावर ओरडणं चाललंय, तेव्हा एकदा दाखवून घ्या. धारवाडला डिमहान्स आहे, मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल. लगेच जमणार नसेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू, पैसे पडत नाहीत, सुरुवातीलाच भाषा निवडायला सांगतात.

---

खानापूरचा_बूमवाला

ताईंनी डॉक्टरी सांगितलं, मी धंद्यातलं सांगतो. साउंड रेकॉर्डिस्ट होतो, आता खानापुरात घरी असतो. माहितीपट पुष्कळ केले, त्यात दंगलीचेही आणि भूकंपाचेही.

गड्या, तुझ्या वाट्याला सगळ्यात वाईट तुकडा आलाय आणि त्याचं कारण कुणी सांगत नाही. आम्ही फील्डवर असतो तेव्हा ती आजी रडते, आम्हीपण रडतो, आणि मग कट म्हटल्यावर ती चहा ठेवते. चहा आला की विचारते, लग्न झालं काय, पोरं किती, एवढं वाळलायस कशानं. सुनेच्या कागाळ्या सांगते. कॅमेरामनला सांगते की तुझा शर्ट उसवलाय, दे शिवून. आम्ही निघतो तेव्हा आमच्या डोक्यात एक अख्खी बाई असते. तुझ्याकडं हार्ड डिस्क येते. त्यात दिग्दर्शकानं निवडून पाठवलेला भाग, म्हणजे फक्त आड. तुझ्या लेखी ती बाई जन्मली आडाच्या काठावर आणि अजून तिथंच उभी आहे. चहा तुला कुणी पाजलाच नाही.

म्हणून पहिलं काम: दिग्दर्शकाकडून सगळं फूटेज मागव. सिलेक्ट नको, कॅमेऱ्याचं कार्ड जसंच्या तसं. आणि रेकॉर्डिस्टच्या मशीनवरचा आवाज वेगळा माग. आम्ही लोक कट म्हटल्यावर लगेच बंद करत नाही. रूम टोन, म्हणजे खोलीचा नुसता शांत आवाज, घ्यायचा असतो, माइक काढेपर्यंत चालूच असतं. त्यात आजी सापडेल.

दुसरं, हेडफोन काढ. हेडफोनमध्ये माणूस तुझ्या कवटीत बोलतो. साफसफाईपुरता लाव, बाकी कापाकापी स्पीकरवर कर. आजी खोलीच्या त्या टोकाला बसलेली बरी.

तिसरं, ती बांगडी. एकदाच बसून आरएक्समध्ये (आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर) किंवा जे काय वापरतोस त्यात सगळी टोकं खाली आण आणि साफ केलेलीच फाइल टाइमलाइनवर ठेव. मूळ फाइल जपून राहू दे. शेवटच्या मिक्सला एखादी किण्ण परत आणायची असेल तर आण, ती तिची आहे, पूर्ण पुसू नये असं माझं मत. पण कच्च्या कामात रोज तुझ्या कानात कशाला?

उचगावच्या पाव्हण्याला एवढंच, फिरून यायला सांगणं सोपं आहे. रेंडर कोण लावणार?

---

उचगावचा_पाव्हणा

@निपाणीची_लेक नाही बोलायचे. जे काय कळलं ते आजीकडून.

---

वडगावकर_एडिटर

सगळ्यांचे आभार. बूमवाले काका, तुमचं वाचून त्याच दिवशी पुण्याला फोन केला. दिग्दर्शक जरा गप्प झाले, म्हणाले असं कुणी मागत नाही. मग कुरिअरनं डिस्क आली.

काका, आजी आहे त्यात! अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या, लाइटवाला पोरगा स्टँड घेऊन त्यावरनं चालला, तर आजीनं अशी हासडलीय की मी खुर्चीत एकटाच हसलो. मग लेन्स हातात घेऊन विचारते, केवढ्याला? किंमत ऐकून म्हणते यात दोन म्हशी आल्या असत्या. आता मी त्या बिनमध्ये आधी मिरच्यांची क्लिप लावतो आणि मग कामाला बसतो. स्पीकरचंही केलं. शेजारी ऐकू जातं म्हणून खिडकी लावून घ्यावी लागते, उकडतं, पण फरक आहे.

आता वेगळी अडचण. त्या वाक्याच्या आधीची शांतता चांगली लांब आहे. दिग्दर्शकांना ती दोन सेकंदांवर आणायचीय आणि खाली सारंगी पाहिजे. म्हणतात, लोक मोबाईलवर बघतात, स्क्रोल करतील. मला ते कापवेना. ही माझी हळवेपणाची बाजू बोलतेय की एडिटरची, हेच कळेनासं झालंय. आधी असा गोंधळ व्हायचा नाही.

---

टिळकवाडी_फिल्म_क्लब

एडिटरची. कापू नका.

ज्यू हत्याकांडावरचा क्लोद लान्झमनचा 'शोआ' (1985) बघितला असेल तर आठवेल. नऊ तासांच्या वर आहे आणि जुनं एकही दृश्य नाही, नुसती माणसं आज बोलताहेत. त्यात ट्रेब्लिंकाच्या छावणीतून वाचलेला एक न्हावी आहे, अब्राहम बोम्बा. इस्राएलमधल्या सलूनमध्ये गिऱ्हाइकाचे केस कापता कापता सांगतो आणि मधेच गप्प होतो. बराच वेळ. कात्री चालू, माणूस गप्प. लान्झमन त्याला पुढं बोलायला भाग पाडतो. ते बरोबर की निर्दयपणाचं यावर लोक अजून भांडतात. मला स्वत:ला ते बघवत नाही, मी असतो तर कॅमेरा बंद केला असता. पण एडिटमध्ये ती शांतता ठेवली हे शंभर टक्के बरोबर. ती काढली असती तर नुसती माहिती उरली असती.

आणि ती ठेवणारी बाई कोण हे क्लबमध्ये विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. झिवा पोस्टेक. 350 तासांच्या आसपासचं फूटेज घेऊन सहाएक वर्षं त्या टेबलावर बसल्या. दिग्दर्शकाचं नाव जगाला पाठ आहे, तिच्यावर माहितीपट निघायला 2018 उजाडलं. तुमचा धागा वाचताना तीच डोक्यात होती. तुम्ही निदान विचारलंत.

सारंगीबद्दल बोलायलाच नको. आपल्याकडं कुणी रडायला लागलं की खाली सारंगी लावायची हे कुणी ठरवलंय देव जाणे. दिग्दर्शकांना दोन्ही कट काढून दाखवा, पण मोबाईलवर नको, एखाद्या हॉलमध्ये दहा माणसं बसवून. हॉल आम्ही देतो, पैसे नकोत.

---

गनिमी_कावा_86

सगळं ठीक आहे, पण आधी रझाकारांनी काय केलं ते नीट दाखवा. हल्ली पुढचंच दाखवायची फॅशन आहे. पुण्याचे दिग्दर्शक म्हटल्यावर अंदाज आलाच.

---

वडगावकर_एडिटर

दाखवलंय. गोरट्याकडचे एक आजोबा सुरुवातीलाच आहेत. कन्नडमध्ये बोलतात, वडिलांना कुठल्या दारातून ओढून नेलं ते आजही हातानं दाखवतात. दार तेच आहे, नवा रंग दिलाय. त्यांचं एडिट करताना मला संताप यायचा, आणि खरं सांगू, संतापात काम बरं होतं. हात भराभर चालायचा. मग आजींची डिस्क आली. आता टाइमलाइनवर एकाखाली एक दोघं आहेत, ट्रॅक एकवर आजोबा, ट्रॅक दोनवर आजी. आजोबांचा राग घेऊन आजींकडं जाता येत नाही, आणि आजींचं ऐकून आजोबांकडं परतलो की तेही तसेच राहत नाहीत. एकाच बाजूचा पिक्चर असता तर मी शिव्या देऊन मोकळा झालो असतो आणि हा धागा काढलाच नसता. तुम्ही बघायला या हॉलमध्ये, मग बोलू.

---

हिंडलगा_रोड

पहिल्यांदाच लिहितोय. माझे मामा 1986 च्या सीमाभागातल्या आंदोलनात होते, कन्नडसक्तीच्या वेळचं. दर 1 जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला जातात, येताना गप्प असतात. दोन वर्षांखाली आजारी होते तेव्हा म्हणाले लिहून घे. मी मोबाईल उशाशी ठेवून रेकॉर्ड केलं. पाऊण तासाचं आहे. मामा आता बरे आहेत, गल्लीत पत्ते खेळतात, पण ती फाइल मी एकदाही उघडलेली नाही. माझ्या मित्राच्या वडिलांचं नाव त्यात येतं, एवढं बोलताना कळलं होतं. ऐकावं की राहू द्यावं?

---

खानापूरचा_बूमवाला

ऐकायचं नंतर बघ. आधी दोन ठिकाणी कॉपी कर. मोबाईल पडला, पाण्यात गेला की संपलं. एक पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी. फाइलच्या नावात तारीख घाल.

आणि ऐकशील तेव्हा एकटा ऐकू नकोस, मामांनाच घेऊन बस. मधेच ते म्हणतील, हे चुकलं बघ, असं नव्हतं. ते पण रेकॉर्ड कर.

---

वडगावकर_एडिटर

शेवटचं अपडेट देतो, मग गणपतीची कामं अंगावर आहेत.

दिग्दर्शकांशी बोललो. बदल आठवड्यातून एकदा, शनिवारी, एकाच कागदावर. तेही म्हणाले की पहिल्या शूटनंतर त्यांनी कितीतरी दिवस फूटेज उघडलंच नव्हतं, म्हणून तर बाहेर एडिटर शोधला. हे आधी सांगितलं असतं तर दर अजून वाढवून घेतला असता. शांतता पूर्ण ठेवायचं अजून कबूल नाही, पण सारंगी गेली. हॉलचं टिळकवाडीवाल्यांशी जुळवतोय.

अनगोळच्या पार्टीला फोन करून चुडा भरण्याचा भाग परत करून देतो म्हटलं, ओरिजिनल आवाजासकट. त्यांना वाटलं मी जादा पैसे मागायलोय. अजून निम्माच झालाय.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं, कंबर दुखणारा माणूस क्रिकेटला जातो काय.

निपाणीच्या ताई, गुरुवारी धारवाडला जायचं ठरवलंय. सकाळच्या गाडीनं निघालो तर ओपीडी मिळेल काय? आणि मराठीत बोललं तर चालतंय ना, का कन्नडच पाहिजे?

---

निपाणीची_लेक

मिळेल, पण लवकर निघा, रांग असते. आधार कार्ड बरोबर ठेवा. कन्नड तुम्हाला येतंच की, पण ज्या भाषेत सांगायला सोपं जाईल त्या भाषेत सांगा, समजून घेणारं कुणी ना कुणी भेटतं. आणि रिकाम्या पोटी जाऊ नका, वेळ लागतो.